पाण्याची खेप

मोबाइल घरीच राहू दे. आपण जिथं चाललो आहोत तिथं त्याला रेंज नाही, आणि हातातून निसटून विहिरीत पडला तर तो काढायला कुणी उतरणार नाही. त्या विहिरीत उतरणाऱ्यांना दुसरं काम आहे. ते तुला कळेलच.

सेक्टरमधल्या तुझ्या इमारतीतून खाली ये. लिफ्टजवळ नोटीस लागली असेल : जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या संध्याकाळी पाणी येणार नाही, रहिवाशांनी साठा करून ठेवावा. मग घरोघरी दोन बादल्या, टब आणि झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवला जातो. ग्रुपवर टँकरवाल्याचा नंबर फिरतो. आपल्याकडची टंचाई अशी संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपते.

आता घणसोली गावाकडे चालू लाग. सेक्टरचा रुंद रस्ता संपतो, रिक्षावाला पुढं यायला नाही म्हणतो, आणि गल्ली इतकी अरुंद होते की समोरासमोरच्या चार-चार मजली घरांच्या खिडक्यांतून भाजीची वाटी देता-घेता येईल. वर्तमानपत्रं ज्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात ती हीच. अशा दोन घरांच्या मधे लोखंडी जाळी टाकलेला एक गोल कठडा आहे असं समज. जाळीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, निर्माल्य, एक तुटकी चप्पल. कठड्याच्या दगडावर हात ठेव. दोर घासून घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतील. इथूनच जायचं.

जाण्याआधी दोन गोष्टी. तिकडं भेटणारी माणसं मी कल्पनेनं उभी केली आहेत. खाडी, डोंगर, ऊन आणि हंड्याचं वजन मात्र खरं आहे. दुसरी गोष्ट ही एक अट आहे. इकडं मुलगा असलास काय आणि मुलगी असलीस काय, पलीकडं पोचल्यावर तू मुलगीच होणार. पाण्याच्या रांगेत मुलगे क्वचितच असतात, म्हणून.

*

“ऊठ गो, बाव आटाच्या आधी भराला पायजे.”

अंधार आहे. बयनं, म्हणजे आजीनं, तुला हलवून उठवलंय. तू सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून झोपली होतीस आणि डोळे उघडायच्या आधीच तिनं तुझ्या हातात चुंबळ दिलीय. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून, गोल गुंडाळून केलेली. ती डोक्यावर, तिच्यावर हंडा.

साल १९५०, महिना वैशाख. घणसोली हे ठाणे तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव आहे. वाशीचा पूल नाही, तो १९७३ साली होईल. कारखाने नाहीत. ‘नवी मुंबई’ हे शब्द कुणी उच्चारलेले नाहीत. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळ्यांची घरं, भातखाचरं, मिठागरं. पावसाळ्यात भात लावायचं, पाऊस सरला की मीठ पिकवायचं, बारमाही खाडीत जाळी टाकायची. गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात आपल्या गावची माणसं होती, हे घणसोली आजही अभिमानानं सांगतं.

तू बयच्या मागं चालतेयस. पाय अनवाणी. गावात दोन तऱ्हेच्या विहिरी आहेत, हे तुला कुणी सांगितलेलं नाही, पण पायांना ठाऊक आहे : घराजवळच्या बावीवरून तुम्ही न थांबता पुढं गेलात. तिचं पाणी मचूळ आहे. भांडी घासायला, पाय धुवायला चालतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि प्यायलं तर तहान शमण्याऐवजी आणखी लागते. प्यायचं पाणी डोंगराकडच्या अंगाला असलेल्या बावीवर. ती लांब आहे.

पोचलात तर तिथं आधीच तीसेक भांडी रांगेत उभी आहेत. बायका थोड्या, भांडी जास्त. हंडा ठेवला की नंबर लागला. रांग मोडायची नाही. तांब्याचे हंडे, पितळी कळश्या, काही मातीच्या घागरी. प्रत्येकीला आपलं भांडं अंधारातही ओळखू येतं, पोचा कुठं आहे त्यावरून.

तुझा नंबर येईस्तोवर कठड्यावरून वाकून बघ. पाणी दिसत नाही. तळाशी एक दिवा हलतोय. दगडांतल्या खोबण्यांत पाय रोवत एक गडी खाली उतरलाय आणि गुडघ्यावर बसून हातानं गाळ बाजूला सारतोय. कातळाच्या एका फटीतून पाणी पाझरतं, जेमतेम बोटाएवढ्या धारेनं. ते खळग्यात साचलं की वरून पोहरा सोडायचा. घाई केली तर पोहरा तळाला आपटतो.

“हालू सोर! गाल येल वर,” बय ओरडते.

गाळ वर आला की ते पाणी पुढची घटकाभर कुणालाच उपयोगी नाही, आणि तुझ्यामागं उभ्या असलेल्या सगळ्याजणी तुझ्याकडे बघणार. म्हणून तू दोर हळूहळू सोडतेस. अर्धा पोहरा भरतो. ओढताना दोर तळव्यातून सरकतो आणि जळजळतं. दुमडलेलं लुगडं हंड्याच्या तोंडावर धरून पाणी गाळायचं. कापडावर उरतात बारीक खडे, पानाचा देठ, एक किडा. पाणी तांबूस आहे. घरी गेल्यावर त्यात तुरटी फिरवली जाईल.

हंडा भरला. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. हंड्याचं वजन वेगळं. तू तीस-पस्तीस किलोची. तुझ्या शतकात मुलांच्या दप्तराचं ओझं त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा सरकारी आदेश निघालेला आहे. हंड्यासाठी असा आदेश कुणी काढल्याचं मला माहीत नाही. दोघीजणी तो उचलून तुझ्या डोक्यावर ठेवतात आणि मान आखडते. पहिल्या दहा पावलांत कळतं की नजर खाली न्यायची नाही. पायाखालचा दगड डोळ्यांनी पाहायचा नाही, तळव्यानं ओळखायचा.

आता हिशेब करू, तुला गणित आवडत नसलं तरी. घरात सहा माणसं आणि एक म्हैस. माणसांना पिणं आणि शिजवणं धरून चार हंडे. म्हैस उन्हाळ्यात एकटीच तीन हंडे पिते. ती मचूळ पाण्याला तोंड लावते, पण नाइलाजानं, आणि दूध कमी करून सूड घेते. गोड्या पाण्याच्या चार खेपा. एका खेपेला चालणं, रांग आणि ओढणं मिळून तास गेला, तर चार तास. पहिली खेप अंधारात आणि चौथी ऊन डोक्यावर आल्यावर. त्यात मचूळ पाण्याच्या खेपा धरलेल्याच नाहीत. मग शाळा कधी? या घरातला मुलगा शाळेत जातो. तू जात नाहीस, आणि त्याला कुणी ‘गळती’ असं नाव दिलेलं नाही, कारण तुझं नाव कधी पटावर चढलेलंच नाही.

तुझ्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. या गावात पाऊस कमी पडतो का? मुळीच नाही. ठाणे जिल्ह्याच्या या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो थट्टा समजेल. पण तो चार महिन्यांत पडतो, उभ्या डोंगरावर पडतो, आणि डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. हा कातळ पाणी धरून ठेवत नाही. वरच्या मुरमाच्या थरात जेवढं मुरेल तेवढंच. बाकीचं काही तासांत ओढ्यानं खाडीत जातं. मुरलेलं पाणीही उताराला लागून हळूहळू पाझरत निघून जातं. होळीपर्यंत विहिरी कशाबशा तग धरतात, पुढं तळ दिसतो. आणि खाडीकाठच्या विहिरीतून गोडं पाणी जास्त उपसलं की त्या पोकळीत खालून खारं पाणी शिरतं. म्हणजे हावरेपणा केला तर विहीर आटण्याच्या आधी बिघडते. बायकांना हे भूजलशास्त्राचं पुस्तक न वाचता ठाऊक होतं. अमक्या बावीवर अमक्या वेळेनंतर पोहरा टाकायचा नाही, असे नियम त्यातूनच आलेले.

खारं पाणी या गावाचा शत्रूही आहे आणि धनीही. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेत, त्यांना उघाड्या ठेवल्यात : ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर, भरतीला दार बंद. एकदा बांधाला खांड पडली की जमीन खारावते आणि काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. तेच खारं पाणी मिठागरात मुद्दाम घेतात. वाफ्यांत ते उन्हानं आटवलं की मीठ. विहिरीचा तळ दाखवणारं हे रणरणतं ऊन मिठागरातल्या माणसाला मात्र हवं असतं. एक अवकाळी सर आली तर त्याचं पीक विरघळतं. तुझ्या घरात दोन्ही प्रार्थना एकाच वेळी चालतात. बाप म्हणतो ऊन राहू दे, बय म्हणते पाऊस येऊ दे. आणि दिवसभर मीठ ओढणाऱ्या बापाला प्यायला गोडं पाणी कोण नेणार? तू. पाचवी खेप.

दुपारी जरा पाठ टेकशील म्हणतेस तर आळीतून हाक येते. उद्या शेजारच्या घरी लग्न आहे. लग्नं वैशाखातच, कारण भात घरात आलेलं असतं आणि पेरणी लांब असते. म्हणजे पाणी सगळ्यात कमी असताना पाहुणे सगळ्यात जास्त. आगरी हळद म्हणजे काय ते तुला माहीतच आहे, आजही त्यात कुणी हात आखडत नाही. मांडवाखाली धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला बसणार, पंगतींवर पंगती उठणार, आणि प्रत्येक पंगतीला पाणी. म्हणून आदल्या दिवशी आळीतली प्रत्येक घरची बाई एकेक हंडा लग्नघरी आणून ओतते. न बोलावता. पैशाचा आहेर लिहून ठेवतात, तो फेडतात. या हंड्याची नोंद कुणी ठेवत नाही, पण कुणी आणला नव्हता हे वीस वर्षांनी बरोबर आठवतं.

हे सगळं ऐकून हे दिवस फार गोड वाटू लागले असतील तर जरा थांब. आपल्या पुस्तकांना आणि मालिकांना पाणवठ्याचं भारी कौतुक : गप्पा, गाणी, बांगड्यांचा किणकिणाट. रांगेत कोण होतं हे त्यात असतं. रांगेत कोण नव्हतं हे नसतं. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांत काही घरांतल्या बायकांना विहिरीच्या कठड्याला हात लावायची मुभा नव्हती. त्या लांब भांडं घेऊन उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. महाडचं चवदार तळं इथून फार दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं ओंजळभर पाणी घेतलं, त्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि नंतर कोर्टात वर्षानुवर्षं भांडावं लागलं. तू ज्या वैशाखात उभी आहेस त्याच्या तीनच महिने आधी, २६ जानेवारीला, देशाची राज्यघटना लागू झालीय आणि तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द चक्क लिहिलेले आहेत. दिल्लीत घटना लिहिणाऱ्यांना विहिरीचा उल्लेख करावा लागला, एवढ्यावरून काय ते समज. पाणी आटल्यावर सगळ्यांचेच हाल होतात, पण सगळ्यांचे सारखे होत नाहीत.

*

आता भराभर पुढं.

१९७२. खाडीपट्ट्यातून घाट चढून वर गेलीस तर पाऊस गेलाय तो गेलाच. सातारा, सोलापूर, मराठवाडा इकडं माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत, मुलांना सुकडी मिळतेय, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. या दुष्काळानं महाराष्ट्राच्या गावागावात एक नवी वस्तू आणली : हापसा. जमिनीत नळीएवढं भोक पाडून शे-दीडशे फूट खालचं पाणी वर काढायचं. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप दिवसभराच्या माऱ्यानं मोडायचे, म्हणून जालन्यात मिशनच्या लोकांनी मजबूत पोलादी पंप बनवला, आणि पुढं त्याच धर्तीचे हापसे देशभर गेले. हापशाच्या दांड्याला लोंबकळून तो खाली आणणारी तुझ्याएवढी पोर तू पाहिलीस तर ओळखशील. पाय जमिनीवरून सुटलेले असतात. हापसा आला म्हणून कठड्यावरून पडून मरणं कमी झालं, हे खरं. खालचं पाणीही उपसता येतं ही सवय त्यातूनच लागली, हेही खरं. मग मोटारी आल्या, मग तीनशे फूट, मग सातशे. २०१६ साली लातूरसारख्या अख्ख्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला ‘जलदूत’ची पहिली खेप पोचली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं, आणि गाडी बघायला माणसं फलाटावर जमली होती.

इकडं घणसोलीत वेगळंच घडत होतं. डोंगर आणि गाव यांच्या मधल्या पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांना पाणी लागतं, म्हणून बदलापूरजवळच्या बारवी धरणातून जाडजूड पाइप आले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याला आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच शेतकरी मारले गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. हे सगळं पाण्याच्या गोष्टीत कशाला, असं विचारशील. कारण नळ याच किमतीत आला. शेत गेलं तसं शेताबरोबर विहिरीचं कामही गेलं. ज्या बावीसाठी बय अंधारात उठायची तिच्यावर पुढं जाळी बसली आणि जाळीवर निर्माल्य. गावाला विहिरीची गरज उरली नाही, याचं मला वाईट वाटत नाही. वाटलं तर ती सेक्टरमधल्या माणसाची चैन झाली. पाठीचा कणा ज्यांचा झिजला त्यांना विचार, त्या नळाच्या बाजूनं मत देतील.

नवी मुंबई महापालिकेनं पुढं खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आपल्या ताब्यात घेतलं. धावरी नदीवरचं, सुमारे १९० दशलक्ष घनमीटर पाणी साठवणारं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे शहराला त्याचा अभिमान आहे. इरशाळगडाच्या वाटेवरून खाली बघितलं तर मोरब्याचं निळं पाणी पसरलेलं दिसतं. बघायला सुंदर आहे. त्या निळ्या पाण्याच्या तळाशी शेतं आहेत, घरांचे चौथरे आहेत. बारवीच्या पाण्याखालीही गावं आहेत, आणि धरणाची उंची वाढवली तेव्हा आणखी काही वस्त्या उठल्या. घणसोलीच्या माणसांनी शहरासाठी शेतं दिली, आणि त्या शहराच्या नळासाठी दुसऱ्या कुणी तरी गावं दिली. तुझ्या बेसिनच्या नळातून येणारं पाणी त्यावरून वाहत आलेलं आहे.

शाळेत दरवर्षी २२ मार्चला जलदिनाची चित्रं काढायला लावतात. गळका नळ, रडणारी पृथ्वी, ‘पाणी वाचवा’. ब्रश करताना नळ बंद ठेवावा, हे ठीकच, ठेव. पण त्या चित्रांमुळे मुलांची अशी समजूत होते की गावात टंचाई असते ती शहरातल्या एखाद्या पोरानं नळ चालू ठेवल्यामुळे. इतकं सोपं असतं तर एका प्लंबरनं भागलं असतं. धरण कुठं बांधायचं, पाइप कुठल्या दिशेनं न्यायचा, वाटेतल्या गावाला त्यातून तोटी द्यायची की नाही, हे कागदावर ठरतं. चित्रच काढायचं तर त्या कागदाचं काढायला हवं.

*

आता शेवटचा टप्पा. यासाठी विहिरीतून जायची गरज नाही. काळात मागं जायचं एक यंत्र रोज चालू असतं, त्याचं तिकीट मिळतं, आणि त्याला कसारा लोकल म्हणतात.

एप्रिल-मेमधल्या कुठल्याही रविवारी घणसोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला ये. तिथं कसाऱ्याची गाडी पकड. कल्याण गेलं, टिटवाळा गेलं, आसनगावला उतर. स्टेशनबाहेरून जीप मिळते. शहापूर गाव ओलांडून तालुक्यात आत आत जा, डोंगराच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर. घरून निघाल्यापासून तीन-चार तास. साल आजचंच आहे. विहिरीचा तळ मात्र तोच.

रस्त्यात डावी-उजवीकडे मोठमोठे पाइप दिसतील, माणूस आत उभा राहू शकेल एवढे. ते मुंबईला जातात. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. वैतरणेवर मोडक सागर झाला, नंतर भातसा. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. ही धरणं याच टापूत, बरीचशी याच शहापुरात. आणि याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर सुरू करावे लागतात.

पाड्यावर एक पोरगी तुला सोबत घेईल. नववीत आहे. पुढच्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा, आणि मार्च म्हणजे विहीर खरवडायचा महिना. पेपर अकराला असला तरी पहाटेची खेप चुकत नाही. तिच्याकडे तांब्याचा हंडा नाही, प्लॅस्टिकचा आहे, निळा. हलका आहे, एवढीच काय ती पंचाहत्तर वर्षांतली सुधारणा. घराबाहेर नळाचा खांब उभा आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं ठरलंय. नळाला पाणी कधी येतं, असं विचारलंस तर ती हसेल. नळाच्या तोटीला शेळीचं दावं बांधलेलं आहे.

“टँकर आला!” असं कुणीतरी ओरडतं आणि पाडा रिकामा होतो.

टँकर विहिरीशी थांबतो. चालक नळी विहिरीत सोडतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. हो, विहिरीत. पाड्यावर एवढं पाणी साठवायला टाकी नाही, म्हणून डांबरी रस्त्यानं लांबून आणलेलं पाणी आधी कोरड्या विहिरीत ओतायचं आणि मग तेच पोहऱ्यानं पुन्हा वर काढायचं. ओतता ओतता काही जमिनीत जिरतं, बाकीचं गाळाशी कालवतं. कुणीतरी टीसीएलची, म्हणजे पाणी जंतुमुक्त करायची, पावडर टाकतं. दहा-बारा दोर एकाच वेळी खाली जातात, एकमेकांत अडकतात, पोहरे एकमेकांवर आदळतात, भांडण जुंपतं. दहा हजार लिटरचा टँकर, पाड्यावर तीनशे माणसं, टँकर एक दिवसाआड : भागाकार तूच कर. माणशी सतरा लिटर धड भरत नाहीत. सरकारी मापदंड टंचाईत टँकरनं माणशी वीस लिटरचा आहे. तुझ्या घरच्या जुन्या फ्लशला एका वेळी आठ-दहा लिटर लागतात.

जुलैत ये, असं ती तुला सांगेल. तेव्हा इथं चार हात पुढचं दिसत नाही एवढा पाऊस असतो, ओढा ओलांडता येत नाही म्हणून शाळा बुडते. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून आणि पावसाळ्यात पाणी आहे म्हणून, अशी दोन्हीकडून शाळा बुडते. तो सगळा पाऊस उतारानं धरणात जातो.

पण आता ती बोलत बसणार नाही, तिचा नंबर आलाय. दोन पोहरे तिच्या हंड्यात, दोन तुझ्या. ती हंडा सहज डोक्यावर घेते, वर एक कळशी, काखेत आणखी एक. तुझा हंडा उचलायला तिची आई हात देते. तू पाऊल टाकतेस. दुसरं टाकतेस. पायाखाली सैल दगड आहे का, हे बघायला तू मान खाली घालतेस, आणि हंडा पुढं कलंडतो. पाणी तुझ्या छातीवरून, गुडघ्यांवरून मातीत जातं. माती ते लगेच पिते.

बायका हसत नाहीत. त्या सांडलेल्या पाण्याकडे बघतात, मग तुझ्याकडे.

“आता काय? जा, रांगेत परत उभी ऱ्हा,” पोरगी म्हणते. “आणि लवकर. खाली गाळच उरलाय, आणि टँकर एकदम परवा.”